वाफेच्या रेल्वेच्या मेळ्याला जाताना

इंग्लंडमध्ये वाफेच्या गाडीत एकदा बसून यायचं एवढंच मनात असेल, तर उन्हाळ्यातला कुठलाही दिवस चालतो. कोळसा आणि पाणी यांवर चालणारी सगळी रेल्वे राबताना बघायची असेल, तर मात्र मेळ्याचा शनिवार-रविवारच गाठावा, आणि घरून थोडी तयारी करून निघावं. हे मी सेव्हर्न व्हॅली रेल्वेबद्दल लिहिते आहे. बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येला किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ अशी ती १६ मैल, म्हणजे साधारण २६ किलोमीटर धावते. पुण्या-मुंबईहून आईवडील किंवा भाचरं आली की इथल्या मराठी घरांत लंडन, स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट असा ठरलेला दौरा होतो. त्यातला एक दिवस काढून या रेल्वेला द्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. ज्या आजी-आजोबांनी लहानपणी इंजिनामागच्या डब्यात बसून डोळ्यांत कोळशाचे कण घेतले आहेत, त्यांना तर न्यावंच.

हा मार्ग १८६२ साली सुरू झाला आणि १९६३मध्ये त्यावरची प्रवासी वाहतूक बंद झाली. ब्रिजनॉर्थच्या उत्तरेकडचे रूळ उखडलेही गेले. उरलेल्यांवर तीच पाळी येऊ नये म्हणून १९६५मध्ये काही रेल्वेप्रेमींनी संस्था काढली, पैसे जमवले, आणि २३ मे १९७० रोजी ब्रिजनॉर्थ ते हॅम्प्टन लोड अशी आपली पहिली गाडी सोडली. १९७४मध्ये गाडी ब्यूडलीपर्यंत आली, १९८४मध्ये किडरमिन्स्टरपर्यंत. किडरमिन्स्टरचं लाल विटांचं स्थानक व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं वाटतं, पण ते जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या धाटणीवर अलीकडे उभारलेलं आहे. गार्ड, फायरमन, तिकीट तपासणारे, केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढणारे यांतले बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक आहेत. आठवडाभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून इंजिन पुसायला यायचं, असं वर्षानुवर्षं करणारी माणसं इथे भेटतात. या रेल्वेचं मला सर्वांत मोठं अप्रूप वाटतं ते याच गोष्टीचं.

आता पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना: कोणत्या मेळ्याला जाता आहात हे आधी नीट वाचा. वर्षभरात इथे निरनिराळ्या प्रकारचे विशेष शनिवार-रविवार होतात आणि त्यांचा स्वभाव एकमेकांपासून फार वेगळा असतो. वसंतातला आणि शरदातला वाफेचा मेळा हा खऱ्या रेल्वेवेड्यांचा. उन्हाळ्यात १९४०च्या दशकाचे शनिवार-रविवार असतात, त्यांत इंजिनांइतकंच महत्त्व माणसांना, कपड्यांना आणि गाण्यांना. डिसेंबरात सांताच्या गाड्या असतात. त्या लहान मुलांसाठी, तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं, आणि चौथीच्या पुढच्या मुलाला त्यात फारसा रस उरत नाही. आणि डिझेल इंजिनांचाही एक मेळा असतो. हे पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं, कारण त्या दिवसांत वाफेच्या गाडीची आशा धरून आलेल्याची निराशाच होते. डिझेलचे चाहते त्या मेळ्याला देशभरातून येतात, त्यांचा तो मोठा सण असतो. तो त्यांच्याकडे राहू द्यावा.

वाफेच्या मेळ्यात एरवीपेक्षा वेगळं काय असतं? एक तर गाड्यांची संख्या. एरवी दिवसभरात मोजक्या गाड्या धावतात, मेळ्याला मात्र एक गाडी फलाटावरून हलते न हलते तोच पुढच्या गाडीचा सिग्नल पडतो. दुसरं म्हणजे पाहुणी इंजिनं. देशातल्या दुसऱ्या जुन्या मार्गांवरची इंजिनं लांबलचक ट्रेलरवर चढवून महामार्गाने इथे आणतात. तुम्हाला इंजिनांची नावंगावं ठाऊक नसली तरी हरकत नाही. सकाळी स्थानकावर मेळ्याचं वेळापत्रक मिळतं, त्यात कोणत्या गाडीला कोणतं इंजिन हे छापलेलं असतं. ते घ्या आणि पेन बरोबर ठेवा. मात्र छापलेलं इंजिन बदलूही शकतं. ऐंशी-नव्वद वर्षांचं यंत्र सकाळी हटून बसलं तर दुसरं लावावंच लागतं.

वेळापत्रक हाती आलं की बहुतेक लोक या टोकाहून त्या टोकाला जातात, तिथे खातात-पितात आणि त्याच वाटेने परत येतात. मेळ्याला असं करू नये. या मार्गावर वेगमर्यादा ताशी २५ मैल आहे, त्यामुळे एका बाजूच्या प्रवासालाच तासाहून अधिक लागतो. दोन्ही वेळा डब्यात बसून राहिलात तर दिवसातले ऐन तास तुम्ही इंजिन न बघता घालवाल, कारण डब्यात बसलेल्याला आपलं इंजिन फक्त वळणावर दिसतं. दिवसभर कितीही वेळा चढ-उतार करता येईल असं तिकीट घ्या आणि बसण्यापेक्षा उतरण्याचा बेत आखा. सकाळच्या पहिल्या गाडीने थेट ब्रिजनॉर्थ गाठावं आणि येताना टप्प्याटप्प्याने उतरत परतावं, ही मला सर्वांत सोयीची पद्धत वाटते. सकाळी बसायला जागा मिळते, आणि संध्याकाळी तुम्ही किडरमिन्स्टरच्या जवळ असता, त्यामुळे शेवटची गाडी चुकण्याची धास्ती राहत नाही. काही गाड्या मधल्याच स्थानकावरून परत फिरतात, तेवढं मात्र चढण्यापूर्वी गार्डला विचारून घ्यावं.

बसताना बाजूचा विचार करा. किडरमिन्स्टरहून निघाल्यावर आधी बोगदा लागतो, मग ब्यूडलीच्या अलीकडे एका सफारी पार्कच्या कडेने गाडी जाते. नशीब असेल तर गाडीतून हत्ती दिसतात, आणि इंग्लंडच्या हिरवळीवर हत्ती पाहून आपली मुलं हरखून जातात. ब्यूडलीनंतर सेव्हर्न नदी डावीकडे येते. ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी. आर्लीच्या अलीकडे गाडी व्हिक्टोरिया पुलावरून नदी ओलांडते आणि तिथून नदी उजवीकडे जाते. २०० फुटांची एकच बिडाची कमान असलेला हा पूल १८६१ साली बांधलेला आहे, त्याचा अभियंता जॉन फाउलर. पुलावरून जाताना पूल दिसत नाही, हे ओघानेच आलं. तो बघायचा तर आर्लीला उतरून नदीकाठच्या सार्वजनिक पायवाटेने चालत जावं. कमानीखाली उभं राहून वरून जाणारी गाडी पाहणं हा साऱ्या दिवसातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. पावसानंतर वाट चिखलाची होते, म्हणून चपला नकोत, बूट हवेत.

आर्लीला उतरण्याचं दुसरं कारण क्रॉसिंग. मार्ग एकेरी आहे, तेव्हा समोरासमोरच्या गाड्या ठरावीक स्थानकांवरच एकमेकींना वाट देतात. आर्ली आणि हॅम्प्टन लोड ही त्यासाठी चांगली ठिकाणं. फलाटाच्या केबिनकडच्या टोकाला उभे राहा. गाडी आत येताना फायरमन एका हाताने मागच्या टप्प्याचं टोकन केबिनवाल्याच्या हाती देतो आणि पुढच्या टप्प्याचं घेतो. टोकन म्हणजे त्या टप्प्यात शिरण्याचा परवाना. टप्प्याच्या दोन्ही टोकांना टोकनांची यंत्रं असतात आणि ती विजेच्या तारेने अशी जोडलेली असतात की एका वेळी दोन्हींतून मिळून एकच टोकन बाहेर निघतं. ते परत यंत्रात गेल्याशिवाय दुसरं सुटत नाही. त्यामुळे त्या टप्प्यात दोन गाड्या एकमेकींसमोर येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर रेल्वेच्या माणसाच्या हातातलं मोठं कडं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल. ते ओळखीचं का, हेही मुलांना तिथेच सांगावं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी इंग्लंडमध्येच, लँकशरच्या व्हल्कन फाउंड्रीत घडवलेल्या इंजिनांनी ओढली होती. रूळ, सिग्नल, गार्डची झेंडी, कामाची शिस्त हे सगळं इथूनच तिकडे गेलं.

हायलीला एंजिन हाउस नावाचं मोठं दालन आहे. तिथे दुरुस्तीची वाट पाहणारी इंजिनं अगदी जवळून बघता येतात. पाऊस आला तर आसऱ्याचीही हीच जागा, म्हणून पावसाळी अंदाज असेल तर दुपार हायलीसाठी राखून ठेवा. ब्रिजनॉर्थला इंजिनांची शेड आणि कारखाना आहे. जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत जाऊन बॉयलरचं काम बघून या. इथल्या कित्येक इंजिनांनी एकदा मरण पाहिलेलं आहे. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याकडे वाफेची इंजिनं वर्षानुवर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी होती. तिथून देशभरच्या रेल्वेप्रेमींनी २१३ इंजिनं विकत घेऊन वाचवली. सेव्हर्न व्हॅलीचं ‘हॅगली हॉल’ त्यांतलंच एक, १९२९ साली स्विंडनच्या कारखान्यात बनलेलं. त्याच्या धुराड्याला तांब्याची कड आहे, ती लखलखीत ठेवायला किती हात झिजत असतील याचा विचार करून पाहा.

ब्यूडलीसाठी मात्र भरपूर वेळ ठेवा. तीन फलाट, दोन केबिनं, दोन्ही दिशांनी येणाऱ्या गाड्या, पाणी भरणारी इंजिनं, शंटिंग. फलाटावरच्या बाकावर चहा घेऊन बसलं तरी तासभर कसा जातो कळत नाही. इथे रेल्वेच्या माणसांशी बोला. इंग्रज माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही असं आपण म्हणतो, पण या फलाटावर त्याला इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारा, मग तोच थांबायचा नाही. इंजिन उभं असताना आणि चालक मोकळा दिसत असताना नम्रपणे विचारलंत, तर भट्टीचं दार उघडून मुलांना आतला जाळ दाखवतातही. गाडी सुटायच्या बेतात असताना मात्र त्यांना थांबवू नये. पायांत बळ उरलं असेल तर गावात उतरून टेलफर्डने बांधलेला १७९८चा दगडी पूलही बघून या.

१९४०च्या शनिवार-रविवारांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपले लोक तिथे जरा बुजतात. त्या दिवसांत स्थानकांवर युद्धकाळ उभा केलेला असतो. वाळूच्या पोत्यांचे ढीग, लष्करी ट्रक, गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅसमास्कचा डबा अडकवून सुरक्षित गावी निघालेल्या मुलांच्या वेशातली मुलं, फलाटावर त्या वेळची नाचाची गाणी. कितीतरी प्रेक्षकही त्या काळचे कपडे करून येतात. सक्ती काही नसते, पण केलेत तर मजा वाढते. आणि आपण उगाच इंग्रजी टोपी-कोट शोधत बसायचं कारण नाही. सुती नऊवारी किंवा साधी काठाची साडी, अंबाडा, पुरुषांना धोतर-कोट आणि काळी टोपी, हाही १९४०चाच पोशाख आहे.

तो तिथे परका नाही, याला भक्कम कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती. इटलीच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि ते जिवंत परतले. सेव्हर्न व्हॅलीवर ४८७७३ क्रमांकाचं एक इंजिन आहे. १९४०मध्ये ग्लासगोत बनलेलं हे इंजिन युद्धासाठी इराणला पाठवलं होतं, आणि त्या इराणमध्ये भारतीय पलटणीही होत्या. तुमच्या घरात पणजोबांचं पदक किंवा लष्करी पोशाखातला फोटो असेल तर त्याची प्रत बरोबर न्या. युद्धाचे अभ्यासक तिथे असतात, ते मनापासून ऐकतात, आणि तुमच्या मुलांना कळतं की समोर दाखवताहेत त्या इतिहासात आपलंही माणूस होतं. एक दक्षता घ्यावी: लष्करी गणवेश घालून जायचा विचार असेल तर त्या मेळ्याचे नियम आधी वाचा. जर्मन गणवेशाला अनेक रेल्वेंवर मज्जाव असतो, आणि तो योग्यच आहे.

थोडं सुरक्षिततेचं. जुन्या डब्यांच्या दारांना आतून कडी नसते, खिडकीची काच खाली करून हात बाहेर घालून मूठ फिरवावी लागते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आणि फलाटाचीच बाजू आहे याची खात्री झाल्याशिवाय दाराला हात लावू नये. मुलं खिडकीतून डोकं काढणार, हे गृहीत धरून त्यांच्या शेजारी मोठ्या माणसाने बसावं. धोका समोरून येणाऱ्या गाडीचा आणि पुलांच्या खांबांचा असतो, आणि इंजिनाजवळच्या डब्यात कोळशाचे तापलेले कणही उडतात. इंजिनाचा आवाज ऐकायचा तर पुढचाच डबा घ्यावा, पण पांढरे कपडे घालू नयेत आणि बोगद्याआधी खिडकी लावून घ्यावी. गाड्या हळू चालतात म्हणून रुळांवर उतरून फोटो काढण्याचा मोह अजिबात नको. तो गुन्हा आहे, आणि एकाच्या उतरण्याने साऱ्या गाड्या थांबतात. चाकाची खुर्ची असेल तर रेल्वेला आधी कळवा. तशा डब्याची सोय असते, पण ती प्रत्येक गाडीला नसते. बाबागाडी घडी होणारी न्यावी.

खाण्याचं म्हणाल तर स्थानकांवर उपाहारगृहं आहेत आणि ब्रिजनॉर्थच्या फलाटावर तर चक्क पब आहे. पण मेळ्याला रांगा लांब असतात आणि शाकाहारी माणसाची धाव चीज सँडविचपाशी संपते. थालीपीठं, दशम्या, लोणचं, सुकी भाजी असा डबा न्या आणि चहा तिथला घ्या. चहा-केकच्या विक्रीचाही रेल्वेला आधार असतो.

गाडीने जाणार असाल तर मेळ्याला गाड्या उभ्या करायची जागा लवकर भरते. बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट किंवा स्नो हिलहून किडरमिन्स्टरला लोकल जाते, पाऊण तासात पोचवते, आणि उतरल्यावर वाफेच्या रेल्वेचं स्थानक शेजारीच आहे. लंडनहून येणाऱ्यांनीही बर्मिंगहॅमला गाडी बदलून असंच यावं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या सूचना पाहून घ्या. उन्हाळा फार कोरडा गेला तर ठिणग्यांनी कडेचं गवत पेटू नये म्हणून वाफेऐवजी डिझेल इंजिन लावतात, आणि नदीकाठची रेल्वे असल्याने दरडी-पुराचाही त्रास होतो. २००७च्या पुराने मार्ग इतका खचला की पूर्ण मार्ग पुन्हा सुरू व्हायला २००८ उजाडलं.

तिकीट महाग वाटेल. चार माणसांच्या घराला तो आकडा जाणवतोच, हे मी नाकारत नाही. पण मागचा खर्च समजून घ्या. प्रत्येक इंजिनाचा बॉयलर साधारण दहा वर्षांनी पूर्ण उतरवून, दुरुस्त करून पुन्हा तपासून घ्यावा लागतो आणि त्याला लाखो पौंड लागू शकतात. वाफेच्या इंजिनाला लागतो तसा कोळसा पूर्वी वेल्समधून येई. तिथली फॉस-अ-व्रान खाण २०२३मध्ये बंद झाल्यापासून बाहेरदेशाहून आणलेल्या कोळशावर भिस्त आहे. दारात उभं राहून फुकट फोटो काढून परतणाऱ्यांनी ही गाडी चालत नाही. ब्रिटनमध्ये कर भरत असाल तर देणगी देताना गिफ्ट एडचा अर्ज भरा, म्हणजे तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार आणखी २५ पेन्स घालतं.

आणि बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, वूस्टर भागात राहत असाल, महिन्यातला एखादा रविवार मोकळा असेल, तर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. इंजिनाचं ज्ञान लागत नाही, ते शिकवतात. तिकीट खिडकीवर, बागेत, रंगकामाला, डबे पुसायला माणसं हवीच असतात. १९६५ला संस्था काढणारी पिढी आता थकली आहे, आणि त्या फलाटांवर अजून मराठी चेहरे फार थोडे दिसतात.